ट्यूब हेडफोन अ‍ॅम्पचा व्हॉल्यूम कंट्रोल: नवा पॉट घेऊ, की स्टेप्ड अ‍ॅटेन्युएटर लावू?

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. आधी माझ्या शब्दांत मांडतो, चुकलं तर सांगा. तुम्ही घरी १२एयू७ आणि ६०८० या ट्यूबचा ओटीएल (आउटपुट ट्रान्सफॉर्मरशिवायचा) हेडफोन अ‍ॅम्प बनवलाय, हेडफोन ३०० ओमचा आहे, गाणी कॉम्प्युटरला लावलेल्या डॅकमधून (डिजिटलचा अॅनालॉग सिग्नल करणारा डबा) येतात आणि आत लॅमिंग्टन रोडवरून आणलेला साधा १००के (एक लाख ओमचा) स्टीरिओ पॉट, म्हणजे बटणामागचा फिरता रेझिस्टर, आहे. रात्री घरचे झोपल्यावर आवाज बारीक केला की गाणं डावीकडे सरकतं, अजून बारीक केलं की उजवा कान बंदच पडतो. बटण फिरवताना खरखर येते ती वेगळी. आणि तुम्हाला विचारायचंय की निळा आल्प्स पॉट घेऊ, २४ स्टेपचा (ठरलेल्या पायऱ्यांनी आवाज कमी करणारा) अ‍ॅटेन्युएटर घेऊ की रिलेवाला (विजेवर चालणाऱ्या छोट्या स्विचचा) बोर्ड मागवू.

माझं उत्तर जरा वाकडं आहे. निदान या रविवारी तरी यातलं काहीच घेऊ नका. पॉट सुमार आहे हे खरं, पण ती अर्धीच गोष्ट झाली. उरलेली अर्धी अशी की तुमचा अ‍ॅम्प तुमच्या गरजेपेक्षा कितीतरी जास्त आवाज देतोय, त्यामुळे तुम्ही कायम पॉटच्या तळाच्या कोपऱ्यात बसलेले असता आणि तो कोपरा स्वस्त पॉटचा जसा वाईट असतो तसा महागाचाही त्याच्या बाकीच्या भागापेक्षा वाईटच असतो. खरखर हा तिसराच आजार, त्याचं औषध वेगळं. मी गेली वीसेक वर्षं फावल्या वेळात असले अ‍ॅम्प बनवतोय, दुसऱ्यांचे दुरुस्त करतोय, आणि नवीन पॉट टाकूनही तीच तक्रार घेऊन परत आलेले डबे मी इतके बघितलेत की आता आधी सोल्डरिंग आयर्न नाही, मीटर हातात घेतो.

सगळ्यात आधी दोष खरंच पॉटचा आहे का ते बघा. हेडफोन उलटा घाला, डावा उजव्या कानावर. आवाज दुसऱ्या कानाकडे सरकला तर दोष मशीनमध्ये, त्याच कानात राहिला तर कानाच्या डॉक्टरकडे जा, हसू नका, माझ्या एका मित्राच्या कानात मळ निघाला होता आणि तोवर त्याने तीन जोड्या ट्यूब बदलल्या होत्या. मग इनपुटच्या आरसीए वायर्स अदलाबदल करा. तरीही तोच चॅनल कमी असेल आणि हेडफोन ठीक असेल तर दोष अ‍ॅम्पमध्ये. आता मुख्य खूण: ट्यूबचा एक अर्धा भाग थकला असेल तर फरक सगळ्या व्हॉल्यूमवर साधारण सारखाच राहतो, पॉटचा दोष असेल तर बटण फिरवलं की फरक बदलतो. तुम्ही म्हणता मोठ्या आवाजात सगळं ठीक वाटतं, म्हणजे संशय पॉटवरच जातो.

ऐकून तपासायला मोनो रेकॉर्डिंग घ्या. १९५० च्या दशकातलं कुठलंही सिनेमातलं गाणं चालेल, मराठी असो की हिंदी, तेव्हाची रेकॉर्डिंग्ज मोनोच होती. फक्त कोणीतरी कॉम्प्युटरवर खोटा स्टीरिओ केलेली कॉपी नको. मोनोमध्ये गाणाऱ्याचा आवाज बरोब्बर डोक्याच्या मधोमध बसला पाहिजे. बटण हळूहळू खाली आणा आणि आवाज कुठे सरकायला लागतो ते बटणाच्या घड्याळावर लिहून ठेवा, दहा वाजता, नऊ वाजता, असं. स्टीरिओ रेकॉर्डिंगवर हे कळत नाही, तिथे तानपुरा एका बाजूला ठेवलेला असतो आणि आपण उगाच पॉटला शिव्या घालतो.

दुसरी टेस्ट फुकट आहे आणि अर्धं उत्तर तिथेच मिळतं. प्लेअरमध्ये डीबीत (डेसिबल, आवाजाच्या पातळीचं माप) व्हॉल्यूम कमी करायची सोय असेल तर १२ डीबी कमी करा आणि अ‍ॅम्पचं बटण तेवढं वर घ्या. बॅलन्स सुधारला? मग तुम्हाला नवीन पॉटपेक्षा कमी गेनची, म्हणजे सिग्नल कमी पट वाढवण्याची, जास्त गरज आहे. १२ डीबी म्हणजे डिजिटलमध्ये दोन बिट, २४ बिटच्या डॅकवर कानाला काडीचा फरक पडत नाही, त्यामुळे 'डिजिटल व्हॉल्यूमने आवाज बिघडतो' हा धसका निदान टेस्टपुरता बाजूला ठेवा. खरं सांगायचं तर तुम्ही कायम कॉम्प्युटरवरूनच ऐकणार असाल तर इथेच थांबलात तरी चालेल. पण तुम्ही अ‍ॅम्प हाताने बनवलाय म्हणजे थांबणार नाही, मला माहितीय.

आता गेन जास्त म्हणजे किती ते आकड्यांत बघू. तुमच्या डॅकचं लाइन आउटपुट नेहमीसारखं २ व्होल्ट धरतो, ते फुल स्केलला, म्हणजे डिजिटलमधल्या सगळ्यात मोठ्या सिग्नलला. गाण्याची सरासरी पातळी त्याच्या १५ ते २० डीबी खाली असते, १८ धरा, म्हणजे साधारण पाव व्होल्ट. १२एयू७ ची स्टेज सुमारे १५ पट वाढवते. पुढे ६०८० कॅथोड फॉलोअर आहे, म्हणजे व्होल्टेज न वाढवता हेडफोनला करंट पुरवणारी स्टेज. फॉलोअर म्हटलं की लोक एकास एक धरतात, पण ६०८० चा म्यू (ट्यूबची स्वतःची वाढवायची ताकद) फक्त २ आहे आणि प्लेट रेझिस्टन्स (ट्यूबचा आतला रेझिस्टन्स) २८० ओम, त्यामुळे ३०० ओमच्या हेडफोनवर तो जवळजवळ अर्धा व्होल्टेज खातो. म्हणजे सगळं मिळून सात-साडेसात पट. पाव व्होल्टचे झाले १.९ व्होल्ट. ३०० ओमचे बरेच हेडफोन १ व्होल्टला १०० डीबीच्या आसपास वाजतात, तुमच्या मॉडेलचा आकडा १०३ आहे असं धरलं तर १.९ व्होल्टला सरासरी १०८ डीबी. रात्री तुम्ही ऐकणार ७५-८० वर. म्हणजे पॉटला जवळपास ३० डीबी आवाज मारून टाकायचंय, तोही रोज, कायमच. मुंबई लोकलला ताशी दहाच्या वेगाने रोज चालवायला सांगावं तसं आहे हे, इंजिनाचा काही दोष नाही, काम चुकीचं दिलंय.

लॉग पॉटचा, म्हणजे आवाज कानाला सारखा चढत जाईल असा वळसा असलेल्या पॉटचा, मधला बिंदू, म्हणजे बटण बारा वाजता, एकूण रेझिस्टन्सच्या १० ते १५ टक्क्यांवर असतो. डीबीत बोलायचं तर उणे १६ ते उणे २०. उणे ३० डीबी मिळते आठ-नऊ वाजता. स्वस्त पॉटमध्ये लॉगचा वळसा खराखुरा नसतोच, वेगवेगळ्या रेझिस्टन्सचे दोन-तीन कार्बनचे पट्टे जोडून तो उभा केलेला असतो, आणि दोन गँगचे (डाव्या-उजव्या चॅनलच्या अर्ध्या पॉटांचे) पट्टे, त्यांचे सांधे, दोन्ही वायपर (पट्ट्यावर फिरणारे काँटॅक्ट) हे तंतोतंत एका जागी यायची हमी कोणी देत नाही. वर असताना एखादा टक्का इकडेतिकडे झाला तर काही कळत नाही, तळाशी मात्र एकूण रेझिस्टन्सच उरलेला असतो दोन-तीन टक्के, तिथे एक टक्क्याची चूक म्हणजे सरळ ३-४ डीबी. माझ्याकडे एकदा आलेला पॉट सर्किटमधून काढून मोजला होता, नऊ वाजता डावी गँग ९६के पैकी ३.१के दाखवत होती आणि उजवी १०८के पैकी २.२के. भागाकार करून बघा, ४ डीबीचा फरक येतो. कानाला १ डीबीलाच मधला आवाज हललेला जाणवतो.

असं तुम्हीही मोजा. पॉटच्या निदान इनपुट आणि वायपरच्या वायर्स काढा, नाहीतर मीटर बाकीचं सर्किटही मोजेल. बटण नऊ, दहा, बारावर ठेवून वायपर ते ग्राउंड भागिले एकूण, दोन्ही गँगचं. दोन गुणोत्तरांत १० टक्के फरक म्हणजे ०.८ डीबी, २५ टक्के म्हणजे २ डीबीच्या आसपास. पॉट न काढता सिग्नल लावून मोजायचं असेल तर २०० हर्ट्झचा टोन वाजवा, साधे मीटर त्याच्या फार वर खोटं बोलतात. आणि तो स्वस्तातला पिवळा मीटर या कामाचा नाही, त्यावर एसीची सगळ्यात खालची रेंजच २०० व्होल्टची असते, त्यात मिलिव्होल्ट काय दिसणार.

तर पहिला उपाय, आणि बहुतेकांना पुरणारा: पॉटच्या आधी प्रत्येक चॅनलला दोन रेझिस्टर, याला पॅड म्हणतात. इनपुट सॉकेटपासून ३३के सिरीजमध्ये, त्याच्या पुढच्या टोकापासून ग्राउंडला १०के, आणि तिथून तुमच्या पॉटचं वरचं टोक. १०के आणि पॉटचे १००के पॅरलल म्हणजे ९.१के, त्यामुळे सिग्नल साधारण १३ डीबी खाली येतो. डॅकला दिसणारा लोड ४२के, कुठलाही बरा डॅक तो हसत चालवेल. आता मगाचची उणे ३० डीबी झाली उणे १७, म्हणजे तुमचं रात्रीचं बटण आठ-नऊवरून बाराच्या आसपास येऊन बसेल, जिथे तोच पॉट बऱ्यापैकी शहाण्यासारखा वागतो. एक टक्क्याचे मेटल फिल्म रेझिस्टर घ्या, चार तुकडे, वडापावपेक्षा स्वस्त. मोजून जोड्या लावल्या तर उत्तम.

इथे मात्र परिस्थितीवर अवलंबून आहे हे कबूल करतो. तुम्ही फोनच्या डोंगलवरून ऐकत असाल तर तो २ नाही, १ व्होल्टच्या आसपास देतो, तिथे १३ डीबी जास्त होईल, २२के आणि २२के लावा, ७ डीबी कमी होतील. उद्या कमी सेन्सिटिव्हिटीचा हेडफोन घेतलात तर पॅड काढावाही लागेल. म्हणून मी तो पॉटच्या लग्जवर (पायांवर) लटकवत नाही, इनपुट सॉकेटजवळ छोट्या टॅगस्ट्रिपवर करतो, दोन मिनिटांत बदलता येतो. आणि दिवसा बटण पूर्ण उजवीकडे नेऊनही आवाज कमी पडतोय असं झालं तर ३३के च्या जागी २२के टाका, त्यात काही पाप नाही. काही जण म्हणतील गेनच कमी करा, १२एयू७ च्या कॅथोडचा बायपास कॅपॅसिटर काढा. काढता येतो, गेन कमीही होतो, पण त्या स्टेजचा आउटपुट रेझिस्टन्स वाढतो, आणि तुमच्या ड्रॉइंगमध्ये कॅथोडला एलईडी असेल तर काढायला कॅपॅसिटरच नाही. शिवाय ६०८० ची ग्रिड (ट्यूबचा सिग्नल घेणारा पाय) १२एयू७ च्या प्लेटला (आउटपुटच्या पायाला) थेट जोडलेली असेल तर बायसशी (ट्यूबच्या ठरवलेल्या डीसी व्होल्टेजशी) खेळणं म्हणजे पुढच्या ट्यूबच्या करंटशी खेळणं. दोन रेझिस्टरचा पॅड कोणाच्या अध्यात ना मध्यात.

आता खरखर. बहुतेक लोक खरखर आली की स्प्रे मारतात. आपल्याकडे पावसाळ्यात, त्यात समुद्राजवळ राहत असाल तर, काँटॅक्ट काळे पडतात हे खरं आणि इलेक्ट्रॉनिक्सचा काँटॅक्ट क्लीनर मारून बटण वीस-तीस वेळा फिरवलं की काही महिने बरं वाटतं. गंज काढायचा तेलकट स्प्रे मात्र मारू नका, त्याचा चिकटा राहतो आणि धूळ धरतो. पण क्लीनर मारूनही दोन दिवसांत खरखर परत आली तर पॉटमधून डीसी जातोय असं समजा. डीसी दोन बाजूंनी येऊ शकतो. एक, सोर्सकडून, त्याचा आउटपुट कॅपॅसिटर लीक असेल तर. दोन, ट्यूबकडून, जुन्या किंवा गॅस शिरलेल्या १२एयू७ ची ग्रिड थोडा करंट सोडते, तो वायपरमधून ग्राउंडला जातो, बटण फिरलं की वाटेतला रेझिस्टन्स बदलतो, व्होल्टेज हलतं आणि ते हललेलं व्होल्टेज ट्यूब आठ-पंधरा पट करून तुमच्या कानात घालते. मीटर डीसी मिलिव्होल्टवर ठेवून वायपर ते ग्राउंड मोजा, बटण अर्ध्यावर, अ‍ॅम्प गरम झाल्यावर. एक-दोन मिलिव्होल्ट ठीक. सोर्सची वायर काढल्यावर आकडा पडला तर दोष सोर्सचा, तसाच राहिला तर ट्यूब बदलून बघा. चोर बाजारातून आणलेल्या जुन्या ट्यूबमध्ये मला हे बऱ्याचदा सापडलंय, दिसायला सुंदर, काचेवरची छपाई शाबूत, आणि आत ग्रिड गळतेय.

याच जागेचं अजून एक काम सांगतो आणि हे प्लीज कराच, बाकी काही केलं नाही तरी. ग्रिडपासून ग्राउंडला ४७०के किंवा १ मेगचा एक रेझिस्टर थेट ट्यूबच्या सॉकेटवर लावा. बऱ्याच ड्रॉइंगमध्ये तो नसतो कारण पॉटच ते काम करतो असं धरलेलं असतं. पण पॉटचा वायपर क्षणभर उचलला गेला, आणि जुन्या पॉटमध्ये तो जातोच, तर ग्रिड हवेत लटकते, बायस कुठेही जातो आणि थेट जोडणीच्या अ‍ॅम्पमध्ये तो धक्का ६०८० पर्यंत पोचतो. ग्रिडच्या पिनला लागून १के चा स्टॉपर रेझिस्टरही असू द्या, रेडिओ घुसायचा आणि ट्यूबला शिट्टी वाजवायचा चान्स कमी होतो.

एवढं करून महिनाभर ऐका. त्यानंतरही पॉट बदलावासा वाटला तर मग खरेदीचं बोलू.

निळा आल्प्स, म्हणजे आरके२७, चांगला आहे, मी स्वतः तीन अ‍ॅम्पमध्ये वापरलाय. फिरवायला मऊ, ट्रॅकिंग साध्या पॉटच्या कितीतरी पुढे. पण तोही कार्बनचाच पॉट आहे, तळाच्या टोकाला तोही थोडा भरकटतो, म्हणून गेन तसाच ठेवून नुसता आल्प्स टाकला तर तक्रार कमी होईल, जाणार नाही. शिवाय नकली माल भरपूर फिरतो. एकदा खरा म्हणून घेतलेला पॉट मी मोजला तर माझ्या जुन्या साध्या पॉटपेक्षा वाईट निघाला, दुकानदार म्हणाला 'साहेब, उघडलेला माल परत नाही'. तेव्हापासून सोल्डर करायच्या आधी वर सांगितलं तसं सात-आठ जागी मोजतो, कागदावर लिहितो, मगच बसवतो. शाफ्ट ६ मिमीचा असतो, आणि बाजारात मिळणारी बरीच बटणं पाव इंची भोकाची, म्हणजे ६.३५ मिमी, ती डुगडुगतात, बटण घेताना पॉट खिशात ठेवून जा.

स्वस्तातली एक युक्ती आहे जी मला स्वतःला फार आवडते. लॉगऐवजी १००के चा लिनियर पॉट घ्या आणि वायपर ते ग्राउंड १५के चा रेझिस्टर लावा. लिनियर पॉटमध्ये पट्ट्यांचे सांधे नसल्यामुळे दोन गँग बऱ्याच जवळ असतात, आणि १५के मुळे वळण लॉगसारखं होतं: बारा वाजता उणे १४.५ डीबी येतात, कानाला अगदी नैसर्गिक. तोटा असा की पूर्ण वर नेल्यावर सोर्सला १३के चा लोड दिसतो, काही ट्यूब प्रीअ‍ॅम्पना तो जड जातो, डॅकला नाही. दुसरा तोटा, तळाशी तो खऱ्या लॉगइतका हळू उतरत नाही, म्हणून पॅडबरोबरच मजा आहे. अशा पॉटला मगाचचा ३३के-१०के चा पॅड लावलात तर वर जाताना तो थोडा वाकेल कारण लोड बदलतो, पण तीन-साडेतीन डीबीच्या पुढे नाही. दुकानात मागताना 'शंभर के लिनियर, स्टीरिओ कंट्रोल' म्हणा, आणि ए की बी या छापलेल्या अक्षरावर विसंबू नका, मधोमध ठेवून मीटर लावा, अर्धा दाखवला तर लिनियर.

आता स्टेप्ड अ‍ॅटेन्युएटर, ज्यावर तुमचा जीव जडलाय असं दिसतंय. चूक नाही. एक टक्क्याच्या रेझिस्टरने बनवला तर दोन चॅनलमधला फरक वाईटात वाईट ०.३५ डीबी, तळापासून वरपर्यंत. असा बॅलन्स कुठलाच कार्बन पॉट देणार नाही. पण २४ जागा म्हणजे २३ पायऱ्या, २ डीबीची पायरी धरली तर ४६ डीबीत खेळ संपतो. बऱ्याच तयार मिळणाऱ्या अ‍ॅटेन्युएटरमध्ये वरच्या पायऱ्या २ डीबीच्या आणि खालच्या चार-पाच, कधी त्याहून मोठ्या असतात, म्हणजे ज्यांच्या अ‍ॅम्पला गेन जास्त त्यांच्या वाट्याला नेमक्या मोठ्या पायऱ्या येतात. एक घर खाली केलं तर ऐकू येत नाही, एक घर वर केलं तर शेजारची खोली जागी. हेडफोनमध्ये शेजारची खोली जागी होत नाही म्हणा, पण तुम्हाला कळलं मी काय म्हणतोय. म्हणून पुन्हा तेच, आधी पॅड, मग स्टेप्ड.

घरी बनवायचा असेल तर सिरीज प्रकार करा, रेझिस्टरची एकच माळ आणि स्विच तिच्यावरून फिरतो. लॅडर प्रकारात प्रत्येक घराला दोन वेगळे रेझिस्टर, सिग्नलच्या वाटेत दोनच येतात हे त्याचं कौतुक, पण वेफर (स्विचच्या चकत्या) दुप्पट, सोल्डरिंग दुप्पट, आणि माझ्या कानाला फरक ऐकू आला नाही. ५०के ची माळ, २ डीबीची पायरी, गणित असं: वरून पहिला रेझिस्टर १०.३के, दुसरा ८.२के, तिसरा ६.५के, म्हणजे प्रत्येक वेळी आधीच्याच्या ०.७९४ पट करत खाली या. तळाचं घर म्यूट ठेवलं तर २२ पायऱ्या, ४४ डीबी, आणि ग्राउंडकडचा शेवटचा रेझिस्टर ३१५ ओमच्या आसपास. मला एका रात्रीत एक चॅनल होतो, दोन रात्रींत दोन, तिसऱ्या रात्री चूक सापडते.

स्विच मात्र नीट बघून घ्या. पुढच्या घराला टेकून मगच मागचं घर सोडणारा, म्हणजे शॉर्टिंग प्रकारचा हवा. माझा पहिला अ‍ॅटेन्युएटर नॉन-शॉर्टिंग स्विचवर होता, प्रत्येक टिचकीला ग्रिड क्षणभर उघडी पडायची आणि कानात फट्ट, घरातल्यांनी तो अ‍ॅम्प वापरणं सोडलं. आपल्या बाजारात सहज मिळतो तो एक पोल बारा घरं किंवा दोन पोल सहा घरं असा रोटरी स्विच, २४ घरांचा शोधावा लागतो. बारा घरांचे दोन घेऊन दोन कानांना दोन बटणंही करता येतात, ३ डीबीची पायरी ठेवली तर ३३ डीबी मिळतात, गेन आधी आवरला असेल तर रोजच्या ऐकण्याला पुरतात. दिसतं जुन्या रेडिओसारखं, मला आवडतं, पण दुसरं कोणी वापरलं की एकच बटण फिरवतं आणि मग आपल्याला विचारतं की गाणं तिरकं का येतंय.

रिलेचा बोर्ड मस्त प्रकार आहे, सहा रिलेत ६४ पातळ्या, १ डीबीच्या, रिमोटही मिळतो. पण तुमच्या अ‍ॅम्पमध्ये त्याला वेगळा ५ किंवा १२ व्होल्टचा सप्लाय लागेल, आणि ३१ वरून ३२ वर जाताना सहाच्या सहा रिले एकदम उलटतात, प्रोग्रॅम नीट लिहिलेला नसेल तर तिथे आवाज टपकन उडतो. हेडफोनवर ते झोंबतं. पीजीए२३११ सारखी व्हॉल्यूमची आयसीही आहे, अर्ध्या डीबीच्या पायऱ्या, बॅलन्स झकास. तिला स्वच्छ उणे-अधिक ५ व्होल्ट आणि मायक्रोकंट्रोलर हवा. ट्यूबच्या डब्यात चिप बघून काहींचा धर्म बुडतो, माझा नाही बुडत, पण पहिल्या अपग्रेडला नको.

पॉट किती के चा घ्यायचा यावर लोक तासन्‌तास भांडतात. हिशोब सोपा आहे. पॉटचा आउटपुट रेझिस्टन्स जास्तीत जास्त त्याच्या पाव असतो, १००के चा २५के. त्याच्यासमोर ट्यूबची मिलर कपॅसिटन्स (गेनमुळे फुगलेली ग्रिडची कपॅसिटन्स) येते. १२एयू७ ची ग्रिड-प्लेट कपॅसिटन्स दीड पिकोफॅराड, गुणिले गेन अधिक एक, वायरिंग धरून ४० पिकोफॅराड म्हणा, २५के बरोबर दीडशे किलोहर्ट्झपर्यंत काही होत नाही. म्हणजे तुमच्या अ‍ॅम्पमध्ये ५०के, १००के, काहीही चालेल. हाच प्रश्न जास्त गेनच्या १२एएक्स७ ट्यूबवाल्याने विचारला असता तर मी २५०के ला नको म्हटलं असतं, तिथे कपॅसिटन्स १२० च्या घरात जाते आणि २०-२१ किलोहर्ट्झलाच उतार लागतो. १०के पण घेऊ शकता, फक्त सोर्सच्या आउटपुटला १ मायक्रोफॅराडचा कॅपॅसिटर असेल तर १०के वर बास १६ हर्ट्झपासून पडायला लागतो, तेवढं बघा.

बसवताना. तुमच्या डब्यात दीड-दोनशे व्होल्ट डीसी आहे, पॉट स्वतः थंड भाग असला तरी १२एयू७ ची प्लेट तिथून दोन बोटांवर असते. प्लग काढा, कॅपॅसिटर रेझिस्टरमधून रिकामे करा, मीटरने बघा, मगच हात घाला, आणि कामानंतर पहिल्यांदा चालू करताना हेडफोन लावू नका. बटण आपल्या बाजूला, पाय खाली धरले तर डावा पाय ग्राउंड, मधला वायपर, उजवा इनपुट. या ग्राउंडच्या सोल्डरवर जास्त लक्ष द्या. ती एक वायर सुटली तर बटण शून्यावर असतानाही वायपरवर पूर्ण सिग्नल जातो. माझ्याबरोबर झालंय, रात्री साडेबाराला, बटण पूर्ण डावीकडे आणि कानात सनई फुल आवाजात, सकाळपर्यंत कान गुणगुणत होता. म्हणून आता मी डाव्या-उजव्या गँगचे ग्राउंड पॉटवरच जोडतो आणि तिथून दोन वेगळ्या वायर्स इनपुटच्या ग्राउंडला नेतो, एक सुटली तरी दुसरी आहे. पॉटची धातूची बॉडी चॅसिसला लागलेली असू द्या, नाहीतर बटणाला बोट लावलं की गुणगुण येईल. हीटरच्या वायर्स पिळून कोपऱ्यातून, वायपरच्या वायर्स शील्डेड आणि जमेल तेवढ्या छोट्या. जागा असेल तर पॉट मागे ट्यूबजवळ बसवून शाफ्ट लांब करून पुढे आणा.

'नवीन पॉटने आवाजावरचा पडदा उठतो' वगैरे तुम्ही वाचलं असेल. मी एवढंच म्हणेन की बॅलन्स नीट झाला की गाणं डोक्याच्या मधोमध बसतं आणि रात्री हळू आवाजातसुद्धा ऐकावंसं वाटतं. पडदा उठलेला मला ऐकू आला तो प्रत्येक वेळी जुना पॉट खराबच होता.

तर क्रम असा: मोनो गाणं, मग प्लेअरमध्ये उणे १२ डीबी, मग वायपरवरचं डीसी, मग चार रेझिस्टर आणि ग्रिडला १ मेग. वायपरवरचे मिलिव्होल्ट आणि नऊ, दहा, बारा वाजताचे दोन्ही गँगचे आकडे लिहून पाठवा. डीसी पाच मिलिव्होल्टच्या वर निघालं तर पॅडचं काम तिथेच थांबवा आणि आधी दुसरी १२एयू७ लावून बघा, ईसीसी८२ छापलेली असली तरी तीच ट्यूब, चालेल.